यादीतली चौदावी

वन्सं, उद्या सकाळी दहाला तुमच्या दवाखान्यातले डॉक्टरबाबू तुमची वही न्यायला येणार आहेत आणि आज जेवण झाल्यापासून मी तुमच्या ट्रंकेसमोर बसून आहे. त्यातला पाऊण तास नुसता किल्ली शोधण्यात गेला. ती मिळाली कुठे, तर काचपट्ट्यांच्या रिकाम्या खोक्यात, कापसाच्या बोळ्याखाली. जन्मात कधी मला काही सरळ सांगितलं नाहीत, निदान जाताना किल्ली तरी सरळ जागी ठेवायची.

काल तुमचा तेरावा झाला. भवानीपूरच्या, तळ्याकाठच्या, अलीपूरच्या क्वार्टर्समधल्या सगळ्या मराठी बायका येऊन गेल्या. जी येईल ती म्हणत होती, किती शांत स्वभाव होता हो तुमच्या नणंदेचा. मी मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, यांना एक सोमवार तुमच्या ताब्यात द्यायला हवं होतं. सकाळी सहाला उठवायचं, चहासुद्धा द्यायचा नाही, खिडकीजवळच्या स्टुलावर पंधरा मिनिटं गप्प बसवायचं, कारण जिना चढून आलं, धावपळ केली, रागावलं तरी आकडा बदलतो. आणि मग डाव्या हाताच्या अनामिकेत सुई. 'रागावू नकोस गं, पेशी वाढतात', असं तुम्ही म्हणायचात. कुणाच्या बोटात दर आठवड्याला सुई खुपसायची आणि वर रागावू नकोस म्हणायचं. त्या बोटाचं टोक अजून निबर आहे माझं. भाजी चिरताना कळतं.

लग्न होऊन मी सोलापूरहून या बंगाली शहरात आले, तेव्हा तुम्ही दहा वर्षांपूर्वीच माहेरी परत आलेल्या होतात. तुमचे यजमान गेले, सासरच्यांनी पाठवून दिलं, तुम्ही लॅबोरेटरीचा कोर्स केलात आणि हाजरा नाक्यावरच्या त्या दवाखान्यात रक्त तपासायला लागलात, एवढं ह्यांनी मला सांगितलं होतं. बाकीचं तुम्ही सांगितलंत, तेही एकदाच आणि एकाच वाक्यात. माझं पहिलं पोटातच गेलं तेव्हा उशाशी बसून म्हणालात, "माझंही दोनदा गेलं. तिथे कुणी रक्त नाही पाहिलं, पत्रिका पाहिली." पुन्हा त्याबद्दल शब्द नाही. मी विचारलं तर म्हणायचात, "आता त्याचं काय."

आणि तेव्हापासून ती वही. दवाखान्यात येणाऱ्या ज्या बायकांचं पुन्हा पुन्हा जातं, त्यांच्या रक्ताची एक काच तुम्ही जादा करून ठेवायचात आणि डॉक्टरबाबूंचं काम संपलं की आपल्यासाठी मोजायचात. दवाखान्यात शंभर पांढऱ्या पेशी मोजायची पद्धत, तुम्ही दोनशे मोजायचात. एकदा मला तुमच्या सूक्ष्मदर्शक दुर्बिणीतून दाखवलंत, तिच्या आरशावर खिडकीतला उजेड घेऊन. मला जांभळे ठिपके दिसले, दुसरं काही नाही. तुम्ही म्हणालात, ज्या पेशींच्या पोटातला गोळा तुकड्यातुकड्यांचा आहे त्या एक, ज्यांचा अख्खा गोल आहे त्या दुसऱ्या. मूल जाणार असेल तर त्याच्या आधी पहिल्या फार वाढतात आणि दुसऱ्या कमी होतात, असं तुम्हाला वाटत होतं. तेवढं खरं निघालं तर आधीच कळेल, बाईला सांभाळता येईल. मी विचारलं, "वाटतं म्हणजे? खरं की खोटं?" तर म्हणालात, "थांब, मोजतेय."

हे थांब-मोजतेय ऐकून ऐकून माझं डोकं फिरायचं. काचेच्या कडेनं मोजलं तर तुकड्यावाल्या जास्त भरतात, मधूनच मोजलं तर कमी, म्हणून कडेपासून आत आणि आतून कडेला अशी नागमोडी चाल तुम्ही धरायचात. त्या वेळी कुणी बोलायचं नाही. दूध उतू गेलं तरी हाक मारायची नाही. ओट्यावर, मोरीत, माझ्या पितळी वाडग्याला, सगळीकडे काचा रंगवायच्या तुमच्या त्या रंगाचे निळे-जांभळे डाग. पापड वाळत घातले की शेजारी काचा वाळायला. लोडशेडिंग झालं तरी तुमचं काम अडायचं नाही, कारण तुमच्या दुर्बिणीला दिवा लागतच नव्हता, आणि घामानं भिजलेले आम्ही पंखा बंद म्हणून तुमच्याकडे बघत बसायचो.

माझं दुसरं गेलं, त्याच्या आदल्या सोमवारी तुम्ही माझं रक्त घेतलं होतं. मोजून झाल्यावर तुमचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. विचारलं, काय आलं. तुम्ही म्हणालात, "काही नाही, जरा पडून राहा." गुरुवारी गेलं. आपलं पहिलं मोठं भांडण त्यावरून झालं आणि ते कधी मिटलंच नाही. मी म्हणत होते, तुम्हाला दिसलं होतं, तर सांगायला काय झालं होतं. तुम्ही म्हणत होतात, मला जे दिसलं त्याचा अर्थ मला ठाऊक नाही, मग मी काय सांगू. मी म्हणाले, मग सुई तरी कशाला टोचता. तुम्ही म्हणालात, "अर्थ कळावा म्हणून." सांगा आता, अशा माणसाशी कुणी किती भांडायचं? दुसऱ्या दिवशी मी जाहीर केलं की आता पुरे, माझ्या बोटाला हात लावायचा नाही. वर्षभर तुम्ही लावला नाहीत.

मग तुमच्या डोक्यात ती संक्रांत आली. पोटात मूल असलं की त्या पेशी प्रत्येकीच्या थोड्याफार वाढतातच, म्हणून मुळात दिवस नसताना धडधाकट बायकांच्या किती असतात हे मोजायला हवं होतं, आणि दवाखान्यात धडधाकट बाई येणार कशाला. तर म्हणे आपल्याकडे हळदीकुंकू आहे, पंचवीस-तीस जणी येतील. मी कपाळाला हात लावला. सणासुदीला, सवाष्णींना बोलावून, रक्त काढायचं. आणि काढणार कोण, तर जिनं त्या दिवशी पुढच्या खोलीत यायचंसुद्धा नाही असं या बायका धरून चालतात ती. ह्यांना सांगितलं तर हे खिदिरपूरच्या ऑफिसात निघता निघता म्हणाले, "ताईला हवंय ना, मग करू दे." ह्यांचं काय जातंय म्हणा.

तरी मी केलं. तुम्ही स्वतः जाऊन तीस चहाच्या गाळण्या आणल्यात वाण म्हणून. मी पुढच्या खोलीत कुंकू लावायची, तिळगूळ द्यायची आणि म्हणायची, वन्संकडे आत जाऊन या, मग गाळणी. तुम्ही मागच्या खोलीत पांढऱ्या पातळात, स्पिरिट, कापूस, सुया, काचा मांडून बसलेल्या. प्रत्येकीला तेच दोन प्रश्न हळू आवाजात: पाळी वेळेवर आहे? दिवस नाहीत ना? तेरा जणी हसतखेळत झाल्या. मग अलीपूरहून आलेल्या एका साहेबीणबाईंनी दारातच पाय रोवले. म्हणाल्या, "आमची बोटं टोचता, घरच्या सुनेचं काय? तिनं आधी द्यावं." मागे सहासात जणी ताटकळत होत्या. मी नाही म्हटलं असतं तर तुमचा बेत तिथेच संपला असता.

मी येऊन तुमच्यासमोर बसले. तुम्ही माझ्या चेहऱ्याकडे न बघता तेच विचारलंत. "पाळी वेळेवर?" मी म्हटलं, हो. "दिवस नाहीत ना?" मी म्हटलं, नाही.

मला दिवस होते, वन्सं. ह्यांनाही सांगितलं नव्हतं. दोनदा सांगितलं होतं, दोनदा पेढे वाटून झाले होते आणि दोनदा गेलं होतं. तीन महिने तोंडातून काढायचं नाही हे तर प्रत्येकीला तिची आई शिकवतेच. मी ठरवलं होतं की या वेळी पोट दिसेल तेव्हाच लोकांना कळू दे. आणि मागे त्या बाई कान टवकारून उभ्या होत्या. मी दुसरं काय म्हणणार होते? तुम्ही सुई टोचलीत, काचेवर थेंब घेतलात, काचेच्या कोपऱ्यावर हिऱ्याच्या लेखणीनं चौदा लिहिलंत आणि म्हणालात, "पुढची."

बारा दिवसांनी तेही गेलं. तुम्ही दवाखान्यात, हे ऑफिसात. मी सगळं धुऊन टाकलं आणि संध्याकाळी सांगितलं की पाळी पुढे गेली होती, या वेळी जरा जास्तच जातंय. ह्यांनी मान डोलावली. तुम्ही उठलात. मऊ भात टाकलात, माझ्या पायांखाली उशी सारलीत आणि दुसऱ्या दिवसापासून लोहाच्या गोळ्यांची बाटली माझ्या ताटाशी ठेवायला लागलात, गिळली की नाही ते बघत. महिनाभर स्वयंपाकघरात मला येऊ दिलं नाहीत. मला तेव्हा तुमचा इतका राग आला होता. वाटलं, मेलं माझं दुःखसुद्धा मला मोकळेपणी करू देत नाही ही बाई, पाळीलासुद्धा गोळ्या. पदराखाली तोंड घालून रडायचे आणि तुम्ही आलात की झोपल्याचं सोंग करायचे.

पुढे चैत्रात तुम्ही वही डॉक्टरबाबूंना दाखवलीत. ते बागबाजारचे, तुम्हाला नेहमी चिडवायचे, की तुमच्या मराठा स्वारांना आत येऊ द्यायचं नाही म्हणून आमच्या वाडवडिलांनी आमच्या दारापासून खंदक खणला आणि तुम्ही सुई घेऊन आमच्या हाजऱ्यात येऊन बसलात, इंदूदी. त्या दिवशी त्यांनी वही नीट वाचली म्हणे. मग विचारलं, या संक्रांतीच्या बायकांना दिवस नव्हते हे कशावरून? तुम्ही म्हणालात, विचारलं होतं. आणि ते हसले. म्हणाले, विचारलं होतं? माझ्या बायकोनं तीन महिने मला पत्ता लागू दिला नव्हता, आणि मी डॉक्टर आहे.

हे तुम्ही मला घरी येऊन सांगितलंत, चप्पलसुद्धा न काढता. मग म्हणालात, "नलू, संक्रांतीला कुणी खोटं बोललं असेल का गं?"

मी कोथिंबीर निवडत होते. मी म्हटलं, "मला काय माहीत."

तुम्ही आत गेलात. ट्रंक उघडल्याचा आवाज आला, बंद केल्याचा आला. त्यानंतर ती वही मी तुमच्या हातात पाहिली नाही. दवाखान्यात जात राहिलात, लोकांची मोजत राहिलात, पण घरातली दुर्बीण तुम्ही कपड्यात गुंडाळून ठेवलीत. सात वर्षं झाली त्याला. सात वर्षं मी धरून चालले आहे की तुमची वही माझ्या एका 'नाही'नं बुडाली. किती वेळा ओठांवर आलं होतं. मीनूच्या वेळी तर रोज. तेव्हा मीच आपण होऊन बोट पुढे केलं होतं आणि तुम्ही पुन्हा दर सोमवारी मोजायला लागलात, पण कागदाच्या चिटोऱ्यांवर, वहीत नाही. पाचव्या महिन्यात मी विचारलं, या वेळी का टिकलंय? तुम्ही म्हणालात, "मला माहीत नाही." डॉक्टरबाबूंनाही माहीत नव्हतं, पण ते निदान देवाचं नाव घेत होते. ती जन्मली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही तिच्या टाचेत सुई टोचलीत. मी तुम्हाला केवढ्यांदा ओरडले. तरी तिला तुमच्याशिवाय चैन पडायचं नाही. शेजारच्या बंगाली पोरांचं ऐकून ती आत्या म्हणायचं सोडून पिशी म्हणायला लागली, तर मी रागवायचे आणि तुम्ही ओ द्यायचात.

आणि या वर्षी वैशाखापासून तुम्हाला धाप लागत होती. बाजारातून येताना मधल्या पायरीवर बसायचात. मी म्हणायचे, दाखवा. तुम्ही म्हणायचात, ऊन आहे. आषाढ आला, पाऊस आला, तरी ऊनच. ट्रामच्या स्टॉपवर तुम्ही कोसळलात, तेव्हा तुमच्या पिशवीत दुसऱ्या कुणाच्या रक्ताच्या दोन काचा होत्या. त्यातली एकही फुटली नव्हती. डॉक्टरबाबू मला म्हणाले, हृदयाचं होतं, पण अंगात रक्तही फार कमी दिसत होतं, इंदूदींनी स्वतःचं कधी तपासलं होतं? अख्ख्या भवानीपूरचं मोजलंत आणि आपलं एक बोट पुढे करता आलं नाही. याबद्दल मी तुम्हाला माफ करणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

काल तेराव्याला डॉक्टरबाबूंनी त्या वहीची आठवण काढली. दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण नवीन आली आहे, तिला याच गोष्टीत रस आहे, दुर्गापूजेच्या सुट्टीआधी वही मिळाली तर बरं, म्हणाले. हे लगेच म्हणाले, "दे ना, त्यात काय." त्यात काय. त्यात मी आहे. त्या पोरीनं संक्रांतीची यादी खरी मानून पुढे काही मांडलं तर माझं खोटं तिच्याही गळ्यात पडणार. म्हणून आज वही काढायची, चौदा नंबर शोधायचा आणि त्याच्यापुढे खरं काय ते लिहायचं, असं ठरवून मी बसले होते. सात वर्षं जे तुमच्या तोंडावर बोलले नाही ते एका परक्या मुलीसाठी कागदावर लिहायचं होतं.

वही उघडली. संक्रांतीची पानं मागच्या बाजूनं आहेत. सत्तावीस आकडे, नावं नाहीत, पुढे दोनदोनशेंच्या पाचपाच रेघांच्या जुड्या. चौदाव्यापुढे जुड्या आहेत, पण त्यावर आडवी रेघ मारलेली, आणि खाली तुमच्या बारीक अक्षरात: 'विचारलं. नाही म्हणाली. तीळ भाजताना सकाळी दोनदा गॅलरीत जाऊन उभी राहिली. आकडाही तसाच. सहा-सात आठवडे असावेत. यादीत धरू नये.'

त्याखाली वेगळ्या शाईत: 'आज गेलं. पाळी म्हणते. विचारायचं नाही.'

आणि त्याच्याही खाली, पेन्सिलीनं, बहुतेक चैत्रातल्या त्या संध्याकाळी: 'चौदावी घरातली, म्हणून कळली. बाकीच्या सव्वीस जणींच्या घरात मी राहत नाही.'

मग वहीच्या पुढच्या बाजूची पानं उलटली, जिथे पुन्हा पुन्हा गेलेल्यांची यादी आहे. तिथे तिसऱ्या ओळीत मी आहे. नाव नाही, 'न.' एवढंच. किती वेळा, या रकान्यात दोन लिहिलेलं होतं. ते खोडून तुम्ही तीन केलंय.

वन्सं, ते तिसरं ह्यांना माहीत नाही. माझ्या आईला माहीत नव्हतं. मी त्याचं कुणापाशी नाव काढलं नाही, कुणी माझ्याजवळ येऊन बसलं नाही, आणि मला वाटत आलं की ते आलं आणि गेलं हे जगात फक्त मला ठाऊक आहे. आणि तुम्ही ते मोजून ठेवलं होतंत. लोहाच्या गोळ्या काय, उशी काय, महिनाभराचा स्वयंपाक काय. आणि त्या संध्याकाळी तुम्ही मला विचारलंत ते वहीसाठी नव्हतं, कारण वहीत तर तुम्ही आधीच लिहून मोकळ्या झाला होतात. मी सांगावं म्हणून विचारलं होतंत. आणि मी कोथिंबीर निवडत होते.

मला तुमचा राग येतोय. इतकं कळत होतं तर हात धरून खाली बसवायचं होतं, म्हणायचं होतं, नलू, मला ठाऊक आहे. मी रडले असते, भांडले असते, तुम्हाला नको ते बोलले असते. पण एकटी नसते रडले. तुम्हाला वाटलं असेल, हिला सांगायचं असतं तर हिनं सांगितलं असतं. मला वाटत होतं, वन्संना कळलं असतं तर त्या बोलल्या असत्या. दोघी एका घरात, एका ओट्यावर.

आत्ता लाइट गेलेत. मीनू विचारतेय, पिशीच्या वहीत काय आहे. मी म्हटलं, तुझी पेन्सिल दे जरा.

चौदाव्यापुढे तुम्ही लिहिलेलं 'नाही म्हणाली' मी तसंच राहू दिलंय, कारण ते खरं आहे. त्याच्या शेजारी लिहिलं: 'दिवस होते.' मग 'सहा-सात आठवडे' यावर रेघ मारून वर लिहिलं: 'आठ.' एवढ्या नागमोडी चालीनं मोजणाऱ्या तुम्ही, हे चुकलात. पुन्हा एकदा विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं.